वाचक विचारतात: धनुष्याने हरणाची शिकार, पहिल्यांदा करताना

मागच्या अंकात अमेरिकेतल्या शिकारीच्या सीझनबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली, त्यातले काही प्रश्न इथे घेतोय. आधीच सांगतो, भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा खालचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी आणि तिथल्या व्हाइटटेल हरणाबद्दल आहे. नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, दरवर्षी थोडेफार बदलतातही, म्हणून आपल्या राज्याचं यंदाचं नियमपुस्तक आधी वाचायचं, मग बाकी सगळं.

प्रश्न: दादा नमस्कार. मी मिशिगनमध्ये असतो, वय 36, आयुष्यात कधी शिकार केली नाही. ऑफिसातले दोघेतिघे दर ऑक्टोबरला बो घेऊन जातात, मलाही जायचंय. आता जुलै चाललाय, यंदा जमेल का? आणि व्हिडिओत सगळे 70 पाउंडचा बो घ्या म्हणतात, तेवढाच लागतो का?

जमेल, पण रोज थोडा वेळ काढलात तरच. मिशिगनचा आर्चरी सीझन 1 ऑक्टोबरला उघडतो म्हणजे तुमच्या हातात दोन-अडीच महिने आहेत. पहिलं काम हंटर एज्युकेशनचा कोर्स, बो विकत घ्यायच्याही आधी, कारण तो कोर्स केला की आपल्याला हे खरंच करायचंय का तेही कळतं. न्यूयॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांत बो साठी वेगळा कोर्स असतो, तिकडच्या वाचकांनी हे लक्षात ठेवा.

आता 70 पाउंड, म्हणजे दोरी पूर्ण मागे ओढायला लागणारा जोर, यालाच ड्रॉ वेट म्हणतात. नाही लागत. हरणासाठी 40 ते 50 पाउंडचा बो, चांगला धारदार ब्रॉडहेड (बाणाचं पात्यांचं टोक) आणि योग्य जागी बसलेला बाण एवढं पुरतं, फक्त तुमच्या राज्याची कमीत कमी ड्रॉ वेटची अट काय ते बघून घ्या. आपल्याला किती झेपतं ते ओळखायची एक सोपी रीत आहे, खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, बो समोर सरळ धरा आणि दोरी मागे ओढा. ओढताना बो आकाशाकडे वर करावा लागला, खांदे वाकडेतिकडे झाले तर वजन जास्त आहे, पाच पाउंड उतरवा. थंडीत दोन तास न हलता बसून आखडलेल्या अंगाने, जाड जाकीट घालून, समोर हरीण उभं असताना हीच दोरी अगदी हळूच ओढायची असते, दुकानात चार लोकांसमोर जोर लावून ओढणं वेगळं.

कंपाउंड बोच घ्या सुरुवातीला. हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या मिसुरीतल्या माणसाला 1969 मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि तिथून हा खेळच बदलला, कारण त्यातल्या कॅममुळे, म्हणजे बोच्या टोकांना बसवलेल्या चाकांमुळे, दोरी पूर्ण मागे आली की वजन एकदम उतरतं, यालाच लेट-ऑफ म्हणतात. 80 टक्के लेट-ऑफ असेल तर 50 पाउंडचा बो ताणून धरायला हातावर 10 पाउंडच येतात, म्हणजे हरीण झाडाआडून पुढे येईपर्यंत थांबता येतं. रिकर्व्ह, म्हणजे चाकांशिवायचा साधा बो, सुंदर असतो, माझंही प्रेम आहे त्यावर, पण त्याला वर्षं द्यावी लागतात.

ड्रॉ लेंथ, म्हणजे तुम्ही दोरी किती इंच मागे ओढता ते, नीट मोजून घ्या, ही चुकली की बाकी काहीच जुळत नाही. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे इंच मोजायचे आणि अडीचने भागायचं, 70 इंच आले तर साधारण 28. हा अंदाज झाला, पक्कं माप आर्चरी शॉपमधला माणूस तुम्हाला उभं करून ठरवेल, म्हणून पहिला बो ऑनलाइन मागवू नका. बाण धनुष्याला जुळणारा हवा, फार हलका चालत नाही, ड्रॉ वेटच्या प्रत्येक पाउंडामागे निदान 5 ग्रेन (बाणाचं वजन मोजायचं छोटं माप) वजन हवंच आणि हरणासाठी मी तर त्याहून बरंच जड वापरा म्हणेन. कार्बन बाण दर वेळी सोडण्याआधी थोडा वाकवून, फिरवून तडा बघा, तडकलेला बाण सुटताना फुटला तर तुकडे हातात घुसतात. आणि बाण न लावता दोरी कधीही, कधीच सोडायची नाही, मित्राने "जरा बघू" म्हणून हातात घेतला तरी हे आधी सांगा, बो तुटतो आणि माणूसही जखमी होतो.

प्रश्न: रेंजवर मी 40 यार्डवरून बऱ्यापैकी नेम साधतो. मग हरणालाही 40 वरून मारायला काय हरकत आहे?

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण माझ्या मते नवीन माणसाने सगळ्यात जास्त विचार याच गोष्टीचा करायला हवा.

टार्गेट हलत नाही, हरीण हलतं, आणि आवाज बाणापेक्षा आधी पोचतो. हिशोब करून बघा, बाण सेकंदाला साधारण 270 फूट जातो आणि आवाज 1,100 च्या आसपास. 30 यार्ड म्हणजे 90 फूट, बाणाला लागला सेकंदाचा तिसरा हिस्सा, आवाज पोचला सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात, म्हणजे दोरीचा टणत्कार ऐकून हरणाला पाव सेकंद मिळाला. पळायची उडी घेण्यासाठी ते आधी पाय मुडपून खाली दबतं, आणि तेवढ्यात फुप्फुसावर धरलेला बाण पाठीच्या वरच्या भागात बसतो किंवा वरून निघून जातो. 40 यार्डवर हा वेळ अजून वाढतो. मान खाली घालून निवांत चरणारं हरीण वेगळं आणि कान टवकारून तुमच्याच झाडाकडे बघणारं वेगळं, दुसऱ्यावर 20 यार्डवरूनही बाण सोडू नका.

माझी पद्धत सांगतो. 8 इंची कागदी प्लेट लावायची, कारण हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा भाग साधारण तेवढाच असतो. सकाळी उठल्यावर, हात गरम न करता, एकच बाण मारायचा, दिवसात एकच. असे दहा दिवस दहा बाण ज्या अंतरावरून प्लेटमध्ये बसतील ते तुमचं रेंजवरचं खरं अंतर, आणि जंगलात त्यातूनही थोडं कमी करायचं. पहिल्या सीझनला बहुतेकांचं 20 यार्ड निघतं. ते कमी नाही हो, धनुष्याची शिकार म्हणजे मुळात जवळ जाणंच आहे, वारा बघून बसणं, हरणाच्या पायवाटेपासून 15-20 पावलांवर मचाण बांधणं, आपला वास त्याच्याकडे जाणार नाही अशा बाजूने येणं, आणि वारा फिरला तर तो दिवस सोडून देणं.

अंतराइतकाच कोन महत्त्वाचा. हरीण पूर्ण आडवं उभं असेल, किंवा किंचित पाठमोरं होऊन तिरकं, हे दोनच कोन नवीन माणसाने घ्यायचे. आडव्याला पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर, तिरक्याला पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने. समोरून किंवा तुमच्याकडे तिरकं येत असेल तर खांद्याचं हाड आडवं येतं, बाण सोडायचा नाही.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. माझ्या दुसऱ्या सीझनला एक मादी 18 यार्डवर माझ्याकडे तिरकी उभी होती, इतकी जवळ होती की मला वाटलं चुकणार कसं, आणि सोडला. बाण खांद्यात बसला. रात्री अकरापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस आम्ही तिघं माग काढत होतो, रक्त कमी कमी होत ओढ्याशी संपलं, ती सापडली नाही. त्या सीझनला मी पुन्हा बो हातात घेतला नाही, आणि ते दोन मिनिटं थांबलो असतो तर ती वळली असती हे अजूनही डोक्यात येतं.

प्रश्न: मी एच-वन-बी व्हिसावर आहे, मला शिकार करता येते का?

बो फेडरल कायद्यात फायरआर्म धरत नाहीत, त्यामुळे बंदुकीसाठी व्हिसावाल्यांना जी बंधनं आहेत ती धनुष्याला लागत नाहीत. लायसन्स राज्य देतं, ठरलेल्या दिवसांपासून तिथे राहत असाल तर रेसिडेंटचं मिळतं, बाहेरच्या राज्याचं बरंच महाग पडतं. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात, तो नियमच आहे, घाबरू नका.

प्रश्न: मला उंचीची भीती वाटते. मचाणाशिवाय जमतं का? आणि क्रॉसबो सोपा म्हणतात, ते खरं का?

जमतं की. जमिनीवर पॉप-अप ब्लाइंडचा तंबू लावून बसता येतं, हालचाल झाकली जाते, फक्त तो थोडे दिवस आधी लावून ठेवा म्हणजे हरणांना सवय होते.

पण ताई, पुढेमागे वर चढायचं ठरवलंत तर एक गोष्ट पक्की करा, पूर्ण अंगाचा हार्नेस (सुरक्षेचे पट्टे), आणि तो वर पोचल्यावर नाही तर जमिनीवर असतानाच लाइफलाइनला, म्हणजे झाडाला बांधलेल्या सुरक्षा दोरीला, अडकवायचा. पडायचे प्रसंग चढता-उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना जास्त येतात. बो हातात घेऊन चढू नका, दोरीने मागून वर ओढून घ्या, ब्रॉडहेड झाकलेल्या क्विव्हरमध्येच (बाणांच्या भात्यात). मचाणाचे पट्टे दरवर्षी तपासा, वर्षभर झाडावर ठेवलेले उन्हाने कुजतात. लटकून पडलात तर हार्नेसमध्ये नुसतं लोंबकळत राहणंही धोक्याचं असतं, म्हणून पाय टेकवायचा पट्टा सोबत हवा, आणि आपण नेमके कुठे बसलोय ते घरी सांगून निघा.

क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दांडा आणि घोडा असलेलं धनुष्य, शिकायला सोपा हे खरं, दोरी ताणून धरावी लागत नाही. ओहायो, पेनसिल्व्हेनियात आर्चरी सीझनला चालतो, ओरेगॉनमध्ये शिकारीला चालतच नाही. अंतराचं जे वर लिहिलं ते मात्र त्यालाही लागू आहे, हरणाचे कान तेच आहेत.

प्रश्न: घरचे म्हणतात बंदुकीपेक्षा बाणाने मारणं जास्त क्रूर. तुम्हाला काय वाटतं?

दोन्ही फुप्फुसांतून गेलेला धारदार बाण हरणाला काही सेकंदांत खाली आणतो, बऱ्याचदा ते शंभर यार्डांच्या आत पडलेलं मिळतं. वाईट बसलेला बाण मात्र फार यातना देतो, तुमच्या घरच्यांची शंका त्या बाणाबद्दल अगदी योग्य आहे आणि ती मनात राहू द्या. बाकी, पूर्वेकडच्या बहुतेक भागांतून लांडगे, प्युमा कधीच संपले, हरणं वाढली की जंगलातली कोवळी रोपं उरत नाहीत, म्हणून राज्यं मुद्दाम माद्यांचे टॅग (शिकारीची परवाना-चिठ्ठी) देतात. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या सामानावरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो, 1970 च्या दशकात धनुष्यबाणही त्यात आले, बोवर 11 टक्के. हे सगळं घरी सांगा, पण त्यांचं मन वळलंच पाहिजे असं नाही.

प्रश्न: बाण लागल्यावर लगेच मागे जायचं का? आणि मांसाचं काय?

लगेच नाही. जागेवर बसून राहा, हरीण शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं ते लक्षात ठेवा, घड्याळ बघा. मग आधी बाण शोधा, बाण सगळं सांगतो. गुलाबीसर, बुडबुड्यांचं रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून निघा. काळपट लाल म्हणजे बहुधा लिव्हर, चार ते सहा तास. हिरवट घाण, वास येतोय म्हणजे पोट, तर आठ ते बारा तास हलू नका, कारण आधी गेलात तर ते उठून मैलभर जातं आणि मग मिळत नाही. माग काढताना रक्तावर पाय देऊ नका, बाजूने चाला, शेवटच्या थेंबाशी कागदाचा तुकडा लावून पुढचा शोधा. राज्यात परवानगी असेल तर माग काढणारे कुत्रे बोलवा, लाजू नका.

सापडलं की टॅग लावा आणि लगेच आतडी काढा, ऊब जितकी लवकर जाईल तितकं मांस चांगलं. बाहेर 40 फॅरनहाइटच्या वर असेल तर पोटात बर्फाच्या पिशव्या भरून घाई करा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग बऱ्याच राज्यांत आहे, 1967 मध्ये कोलोराडोत पहिल्यांदा दिसला, माणसाला झाल्याची नोंद नाही पण बाधित हरीण खाऊ नये असंच सांगतात. तुमचा भाग त्यात येत असेल तर हातमोजे घाला, मेंदू आणि पाठीच्या कण्याला सुरी लावू नका, डोकं तपासणीला द्या, आणि रिझल्ट येईपर्यंत त्या हरणाचं मांस फ्रीझरमध्ये वेगळं, तारीख आणि टॅग नंबर लिहून ठेवा.