विमानाचा भाग चुकीच्या धातूचा निघाला, पण तडा नाही, तरी तो का बदलायला लावतात?

तडा नाही म्हणजे भाग चांगला, हे आधी डोक्यातून काढा.

हिंगणघाटजवळच्या गावात माझं लेथचं दुकान आहे. दादाच्या थ्रेशरला मी नवा शाफ्ट करून दिला होता. रॉड ईएन-८ म्हणून, म्हणजे जास्त कार्बनचं मजबूत पोलाद म्हणून आणलेला. दोन हंगामांनंतर त्याच रॉडचा उरलेला तुकडा बुश करायला ग्राइंडरवर धरला, तर ठिणग्या नुसत्या लांब, सरळ. ईएन-८ च्या टोकाला फुटतात. दुकानदारानं साधं एमएस, म्हणजे मऊ लोखंड गळ्यात मारलं होतं.

दादाला म्हटलं, शाफ्ट काढू. तो म्हणाला, "चालून रायला ना बे. एक चीर नाही त्याच्यात. कायले खर्चात पाडून रायला मले?" मी रॉकेल लावलं, पुसलं, खडू फिरवून पाहिला. खरंच चीर नव्हती. तिथं मी गप्प बसलो, ते चुकलं.

पुढच्या सोयाबीनला तो शाफ्ट, पुली अडकवायची चावी जिथं बसते त्या खाचेत तुटला. पुली सुटून तुरीच्या ओळीत जाऊन पडली. गंजीवरची बाई दोन हातांवर होती. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या रेघा. उरलेला खडबडीत. म्हणजे चीर रोज थोडी आत सरकत होती, तुटला मात्र एका झटक्यात.

विमानात किती उड्डाणांनी तडा शोधायचा, हे गणित ठरलेल्या धातूवर मांडलेलं असतं. धातूच दुसरा, तर ते गणितच खोटं. २०२१ मध्ये बोईंग ७८७ चे टायटॅनियमचे काही भाग कमी ताकदीचे निघाले होते. नेहमीच्या मिश्रधातूत ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. शुद्ध टायटॅनियम दिसायला तसंच, वजनही जवळपास तेच, ताकद निम्म्याहून कमी. डोळ्यांनी काय ओळखणार?

हां, भाग बदलायचा आदेश निघाला की सगळी विमानं त्याच दिवशी उभी करत नाहीत. मुदत असते, शेजारचा भाग भार पेलत असेल तर ती लांबही असते.

दादा अजूनही म्हणतो, मजुरानं जास्त माल कोंबला म्हणून तुटला. त्याचाच पोरगा आज नागपूरला मिहानमध्ये विमानांचं काम करतो. धातू कुठला ते सांगणारा कागद जुळला नाही तर तो साधा बोल्टसुद्धा लावत नाही. दादानं त्यालाच विचारावं. शाफ्टचे दोन्ही तुकडे माझ्या दुकानात आहेत.