जिथले दुखणे, तिथलाच पुरावा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

पूर्व युगांडातील जिल्हा रुग्णालयात तापाच्या मुलांवर होऊ घातलेल्या अभ्यासात सामील व्हावे की नाही, हे तुझे ठरत नाही आणि त्याची दोन कारणे तू लिहिली आहेस. तुझ्या विभागातील वरिष्ठ म्हणतात की, तिथल्या आजारांवरचे उपचार जगाला ठाऊक आहेत, ते फक्त पोहोचवायचे आहेत, मग संशोधन कसले? आणि तुला स्वतःला वाटते की, गरीब मुलांच्या एका गटाला उपचार द्यायचे व दुसऱ्या गटाला द्यायचे नाहीत, हे माणुसकीला धरून नाही. पहिली शंका उसनी आहे, तिच्याकडे नंतर वळतो. दुसरी तुझी स्वतःची आहे म्हणून मला तिची कदर आहे, पण ती एका चुकीच्या गृहीतकावर उभी आहे.

ते गृहीतक असे की, पाठ्यपुस्तकातला उपचार दिला म्हणजे मुलाचे भले होते आणि नाही दिला तर ते वंचित राहते. ताप असलेल्या, हातपाय गार पडलेल्या, नाडी क्षीण झालेल्या मुलाला झपाट्याने भरपूर सलाईन द्यायचे, ही रीत श्रीमंत देशांतील अतिदक्षता विभागांत इतकी रुळली होती की तिची परीक्षा घ्यावी असे फारसे कोणाला वाटत नव्हते. आफ्रिकेतील अनेक रुग्णालयांत माणसे आणि साधने अपुरी असल्याने ती पाळली जात नव्हती, आणि ही उणीव भरून काढली तर मृत्यू घटतील अशी अपेक्षा होती. केनियातील किलिफी येथे काम करणाऱ्या कॅथरिन मेटलँड आणि त्यांच्या केनिया, युगांडा व टांझानियातील सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांत ती अपेक्षा तपासून पाहिली. मुख्य अभ्यासात ३,१४१ मुले होती. ज्यांना झपाट्याने सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचे द्रावण) दिले, त्यांच्यापैकी शेकडा साडेदहाच्या आसपास मुले पहिल्या ४८ तासांत दगावली. ज्यांना केवळ संथ गतीने नेहमीचे द्रव दिले, त्यांच्यापैकी शेकडा ७.३. जानेवारी २०११ मध्ये अभ्यासात नवी मुले घेणे ठरल्या वेळेआधीच थांबवावे लागले. ज्या गटाची तुला दया येते आहे, त्याच गटातली मुले अधिक वाचली. फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू झाले असावेत, असा स्वाभाविक तर्क होता; पुढील विश्लेषणात मात्र वाढीव मृत्यूंमागे प्रामुख्याने हृदय व रक्ताभिसरण कोसळणे दिसून आले. (जुलाबांनी शरीरातले पाणी घटलेली आणि तीव्र कुपोषित मुले या अभ्यासात घेतलीच नव्हती, हे विसरू नकोस. हा निष्कर्ष ऐकून जुलाबाच्या मुलाचेही सलाईन आखडते घेणारे उत्साही डॉक्टर मी पाहिले आहेत.)

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते तुला कंटाळा येईपर्यंत ऐकावे लागणार आहे: जिथले दुखणे, तिथलाच पुरावा. दुसरीकडे सिद्ध झालेली गोष्ट इथे केवळ शक्यता असते. शक्यतेला उपचार समजून मुलांना देत राहणे आणि मोजमाप न करणे, हाही एक प्रयोगच आहे. फरक इतकाच की त्यात कोणाची संमती घेतलेली नसते आणि मेलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. तुला माणुसकीचा प्रश्न पडला असेल तर तो या दुसऱ्या प्रयोगाबद्दल आधी पडायला हवा.

सलाईनची गोष्ट अपवाद म्हणशील, तर लोहाचे उदाहरण घे. रक्तक्षय झालेल्या मुलाला लोह द्यावे, यापेक्षा निरुपद्रवी सल्ला तुला आठवतो का? सुनील सझावल यांच्या गटाने टांझानियाच्या पेम्बा बेटावर २४ हजारांहून अधिक लहान मुलांवर त्याची चाचणी घेतली. बेटावर मलेरियाचा मारा तीव्र होता. लोह आणि फॉलिक ॲसिड सरसकट दिलेल्या मुलांत मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याची जोखीम १२ टक्क्यांनी वाढली. त्याच वेळी नेपाळच्या तराईत, जिथे मलेरिया नगण्य होता, तशीच चाचणी झाली आणि तिथे मृत्यूंवर काहीच परिणाम दिसला नाही. औषध तेच, वय साधारण तेच, दोन्ही अहवाल २००६ चे. पेम्बातही ज्या थोड्या मुलांचे रक्त तपासून, मलेरियावर लक्ष ठेवून लोह दिले गेले, त्यांच्यातल्या लोह कमी असलेल्या मुलांना फायदाच झाला. नेपाळचा आकडा हातात घेऊन पेम्बाला गेलेला माणूस प्रामाणिकपणे, सद्हेतूने नुकसान करून आला असता.

आता तुझ्या वरिष्ठांकडे येतो. उपचार ठाऊक आहेत म्हणतात; पण कोणत्या आजाराचे? टांझानियाच्या उत्तर भागात, मोशी येथे, तापासाठी दाखल झालेल्या ८७० रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी त्यांतील ५२८ जणांना मलेरिया ठरवला होता; तपासणीअंती ताप मलेरियाचा निघाला तो केवळ १४ जणांचा. उरलेल्यांत ब्रुसेलोसिस, लेप्टोस्पायरोसिस, क्यू फीव्हर, रिकेट्सिया असे जनावरांकडून येणारे कितीतरी आजार होते, आणि मलेरियाच्या गोळीला त्यांतला एकही दाद देत नाही. पोहोचवायचे काय, हेच ठाऊक नसताना नुसत्या पोहोचवण्याच्या गोष्टी करणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आला आहे.

पण सावध राहा: मोशीचा आकडा घेऊन तू युगांडाला जाशील, तर तूही तीच चूक करशील. तू जाणार आहेस तिथे मलेरिया भरपूर आहे, इतका की धडधाकट मुलांच्या रक्तातही परजीवी सापडतात. तिथे चाचणी सकारात्मक आली म्हणजे ताप मलेरियाचाच, असे म्हणता येत नाही. त्याच मुलाला न्यूमोनिया किंवा रक्तातला जंतुदोषही असू शकतो. मोशीत मलेरिया नसताना तो दिसत होता; तुझ्या वॉर्डात तो असेल आणि तरीही मुलाचा जीव दुसऱ्याच कशाने जाईल. एकाच तापाचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आपल्याकडचा अभिमानही या नियमातून सुटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये दाखवले. ते वाचून माझ्या पिढीतले कितीतरी जण खेड्यांकडे वळले, मीही त्यातलाच. पुढे ग्रामीण घानात घरभेटींची मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला, आणि घट दिसली ती सुमारे ८ टक्के, म्हणजे योगायोगानेही येऊ शकेल इतकी. गडचिरोलीत सुरुवातीचा मृत्युदर हजारी ६२ होता, घानात ३२ च्या आसपास; गडचिरोलीची गावातली कार्यकर्ती घरातच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत होती, घानातले स्वयंसेवक बाळ तपासून सल्ला देत आणि आजारी वाटल्यास दवाखान्यात पाठवत. गडचिरोली खोटे ठरले असे यावरून म्हणणारा मूर्ख आहे. गडचिरोलीचा आकडा घानात गृहीत धरणाराही तितकाच.

पुण्यात तयार होणाऱ्या मलेरियाच्या आर-२१ लशीबद्दल तू अभिमानाने लिहिले आहेस. अभिमान रास्तच आहे, पण ती लस आधी बुर्किना फासोतील नानोरो या ग्रामीण भागातल्या ४५० मुलांत हालिदू टिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारखली, म्हणून आज आपण तिच्याबद्दल बोलतो आहोत. पुढील मोठ्या चाचणीतही, जिथे मलेरिया पावसाळ्यापुरता असतो आणि त्याआधी लस टोचली, तिथे पहिल्या वर्षी ७५ टक्के संरक्षण मिळाले. जिथे तो वर्षभर असतो तिथे ६८ टक्के.

या हट्टाची किंमत मी जाणतो. गंभीर मलेरियात क्विनीन या जुन्या औषधापेक्षा आर्टेसुनेट हे औषध सरस आहे, हे भारतासह आशियातील चार देशांत २००५ मध्ये सिद्ध झाले होते. आफ्रिकेतील मुलांसाठी वेगळा पुरावा २०१० मध्ये आला: शेकडा १०.९ ऐवजी ८.५ मृत्यू. निष्कर्ष तोच निघाला. मधल्या पाच वर्षांत किती मुलांना क्विनीनच मिळत राहिले, हा प्रश्न मला अजून छळतो. तरीही मी माझ्या म्हणण्यावरून हटत नाही, कारण उत्तर तेच निघणार हे २००५ मध्ये कोणालाच सांगता आले नसते. उशीर पुरावा मागितल्याने होत नाही. तो मागण्यासाठी पैसा आणि माणसे वेळेवर दिली जात नाहीत, म्हणून होतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पूर्व आफ्रिकेतील एका छोट्या रुग्णालयात असताना मी तापाच्या रुग्णांचे रक्त कल्चरला लावण्याचा, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहण्याचा, प्रस्ताव पाठवला होता. निधी देणाऱ्या एका समितीने तो परत केला आणि शेरा मारला की या प्रश्नाचे उत्तर इतरत्र मिळालेले आहे. काही वर्षांनी तशाच प्रश्नाची उत्तरे इतरांनी शोधली. ती माझ्या हातून शोधली गेली नाहीत याची खंत आहे, आणि ती मोठेपणाने झाकण्याचे वय माझे आता राहिलेले नाही. परत आल्यावर मला विचारले गेले की, इतकी वर्षे तिथे राहून तुमच्या नावावर किती शोधनिबंध? मी तिथे नोंदवह्या नीट ठेवल्या, क्लिनिकल ऑफिसरांना, म्हणजे डॉक्टरांच्या जागी रुग्ण तपासणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना, त्या वाचायला शिकवले, आणि त्यांच्यातले काही जण आज स्वतः अभ्यास चालवतात. याला कोणी अपयश म्हणत असेल तर म्हणो.

तेव्हा जा, पण डोळे उघडे ठेवून जा. त्या रुग्णालयाचा कारभार ज्यांच्या जिवावर चालतो, त्या क्लिनिकल ऑफिसर आणि परिचारिकांना आधी विचार की त्यांना रोज कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे असते. रक्त कल्चरची यंत्रणा वीज गेल्यावर किती तास तग धरते, घरी गेलेले मूल २८ दिवसांनी जिवंत आहे का हे कोण पाहणार, आणि निष्कर्ष त्या गावाला कोण सांगणार, याची उत्तरे युगांडातल्या सहकाऱ्यांकडूनच घे. शोधनिबंधावर त्यांचे नाव मधल्या गर्दीत नको.

अभ्यासाच्या आराखड्याचा मसुदा मला पाठव. रात्रपाळीच्या परिचारिकेचे काम त्याने किती वाढणार, हे त्यात कुठे लिहिले आहे ते मी सर्वांत आधी शोधणार आहे. ते नसेल तर बाकी पाने वाचायला मला वेळ नाही. आणि पीतज्वराची लस आताच टोचून घे, तिच्या प्रमाणपत्राशिवाय तुला युगांडात प्रवेश मिळणार नाही.

तुझा,
एक जुना शिक्षक