इव्हो थांबेल, आधी पॉलिसीचं पहिलं पान वाचा

प्रश्न (थोडक्यात): वय ४१, पुण्यात आयटीत नोकरी, हातात पगार १ लाख ४५ हजार. गृहकर्ज ४६ लाख बाकी, हप्ता ४४ हजार, अजून १६ वर्षं. पत्नी घर सांभाळते, मुलगी सात वर्षांची. २००२ ची होंडा सिटी व्हीटेक आहे, तिची बहुतेक कामं मीच करतो. रविवारी आम्ही पाच मित्र जमतो, गाड्या आणि घरची गळती यांवर तासन्‌तास बोलतो. आता मित्सुबिशीची इव्हो १० ही स्पोर्ट्स कार मिळतेय, २८ लाखांना. १२ लाखांची एफडी मोडून वर १६ लाखांचं टॉप-अप, म्हणजे गृहकर्जावरच वाढीव कर्ज घ्यावं म्हणतो, कारण घरदुरुस्तीच्या नावाखाली ते स्वस्त पडतं. इव्होची किंमत वाढतच जाणार, म्हणजे ही गुंतवणूकच. कर्जाची काळजी नाही. बँकेनं कर्जासोबत विमा काढून दिलाय, वर्षाला १ लाख ८० हजार भरतो. गाडी घ्यावी का?

उत्तर: नाही. गाडीचा हिशेब पुढे मांडतो, पण पत्रातल्या ज्या वाक्यानं माझी झोप उडवली ते वाक्य गाडीचं नाही. ‘कर्जाची काळजी नाही’, हे ते वाक्य.

पत्रासोबत तुम्ही सिटीच्या बॉनेटच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवलाय. तिथल्या पांढऱ्या पट्टीवर मार्करनं लिहिलंय, ‘टायमिंग बेल्ट बदलला, ९४,२०० किमी, मार्च २०२२’. बेल्ट तुटला नव्हता तरी तुम्ही बदललात, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन हातचं जातं. दुसरा फोटो पॉलिसीच्या पहिल्या पानाचा. त्यावर मूळ विमा रक्कम आहे १८ लाख. कर्ज ४६ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर १८ लाख बँकेला देऊनही २८ लाख उरतात, आणि तुमच्या घरात दुसरा पगार नाही. ऑफिसचा २० लाखांचा गट विमा आहे म्हणता, तो नोकरी सुटली की सुटतो.

ही कर्जाची विमा पॉलिसी नाहीच. साधी एंडोमेंट आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र: दहा वर्षं भरायची आणि वीस वर्षांनी पैसे घ्यायचे. कर्ज मंजूर होताना त्याच टेबलावर सही घेतली म्हणून ती कर्जाची झाली नाही. गृहकर्जासाठी विमा घेणं कायद्यानं सक्तीचंही नाही. घराच्या किल्ल्या मिळायच्या आनंदात असलेल्या माणसाच्या गळ्यात असली पॉलिसी मारतात याचा मला मनापासून राग येतो. अशीच पॉलिसी घेऊन एक ताई माझ्याकडे आल्या होत्या, नवरा गेल्यावर दोन महिन्यांनी. कर्ज फिटलं असं त्या धरून चालल्या होत्या. ते फिटलं नव्हतं हे त्यांना मला सांगावं लागलं.

आता परतावा बघा. दहा वर्षांत १८ लाख भरणार आणि विसाव्या वर्षी ३८ लाख मिळतील असं तुम्हाला दाखवलंय. तेही बोनस धरून, हमी नाही. सगळं जमलं तरी वर्षाला पाच टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे साडेआठ टक्क्यांनी कर्ज फेडताना तुम्ही महिन्याला १५ हजार पाच टक्क्यांवर ठेवताय.

सगळ्यात आधी दीड कोटीचा, साठाव्या वर्षापर्यंतचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा. धूम्रपान नसेल तर हप्ता वर्षाला ३० हजारांच्या आसपास येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. आजार, औषधं काहीही लपवू नका. टर्मची पॉलिसी हातात पडली की मगच जुन्या कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर शेवटी किती. तीन हप्ते गेलेत, म्हणजे ५ लाख ४० हजार. त्यातले काही बुडतील. वाईट वाटेल, पण उरलेले सात हप्ते, १२ लाख ६० हजार, वाचतील.

कुटुंबाचा स्वतःचा आरोग्य विमा नाही. तोही याच महिन्यात.

आता इव्हो. टॉप-अपचा हप्ता २० हजार. ४४ आणि २० मिळून ६४, पॉलिसीचे १५, घरखर्चाचे तुम्हीच लिहिलेले ६० हजार. उरतात सहा हजार, आणि अजून टायर, विमा, सुटे भाग धरलेलेच नाहीत. मागच्या चाकाजवळचा एवायसी पंप (मागच्या दोन चाकांत ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेचा) गंजणं हे इव्हो १० चं जगजाहीर दुखणं. तो एकटाच तुमची काही महिन्यांची बचत खाईल. आणि किंमत वाढण्याचं म्हणाल, तर जुन्या जपानी गाड्यांचे भाव चढतात त्यामागे बऱ्याच अंशी अमेरिकेचा आयात नियम आहे: गाडी २५ वर्षांची झाली की ती तिथे सहज नेता येते. निसानची स्कायलाइन जीटी-आर (आर३४) तिथे २०२४ पासून जाऊ लागली. पुण्यात नोंदलेल्या गाडीला ते गिऱ्हाईक मिळत नाही. इथे विकायला निघालात की ओळखीतले मोजके शौकीन, आणि तेही भाव पाडूनच मागणार. शौक म्हणून घेतली तर समजू शकतो. गुंतवणूक म्हणू नका.

घरदुरुस्ती सांगून गाडी घेणं म्हणजे बँकेला खोटं लिहून देणं, ते करू नका. उलट घराला खरंच दुरुस्ती हवी आहे. चार वर्षं दर मे महिन्यात गच्चीवर स्वतःच्या खिशातून कोटिंग मारताय, ७५ हजार गेले. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपत असेल तर सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार ते काम सोसायटीच्या खर्चानं व्हायला हवं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. इमारत १९९६ ची आहे, तर शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं तेही विचारा. तिशीपुढच्या इमारतीला ते दर तीन वर्षांनी लागतं. सोसायटी साडेतीन लाख वर्गणी मागणार असल्याचं तुम्ही लिहिलंय. ती याच एफडीतून जाईल, म्हणून गाडीसाठी एफडीला हात लावू नका.

सिटी विकू नका. १०६ बीएचपीचं ते इंजिन तुमच्या हातात चांगलं चाललंय, महिन्याला पाच हजार तिच्या नावानं बाजूला ठेवा. २०२७ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण येईल. वीस वर्षांपुढच्या गाडीला आता १० हजार फी आहे, हरित कर वेगळा. टर्मच्या वैद्यकीय तपासणीची तारीख मिळाली की मला कळवा. जुन्या पॉलिसीच्या सरेंडरचा किंवा पेड-अपचा अर्ज टर्मची पॉलिसी हातात आल्यावर, आकडे बघूनच द्यायचा.