वाचक विचारतात : पुढचा भाग येणार का?

ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मालिकांबद्दल बरीच पत्रं आली. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून त्यातल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

पेशवाईवरच्या एका मालिकेचे दोन भाग माझ्याकडे आहेत. तिसऱ्याची जाहिरात दुसऱ्याच्या मलपृष्ठावर होती, त्याला चार वर्षं झाली. तो येणार की नाही, हे वाचकाने कसं ओळखायचं? (मुलुंड)

दुकानात गेलात की तिसऱ्या भागाची चौकशी करू नका, पहिला भाग मागा. तो मिळाला तर मागचं श्रेयपान बघा. गेल्या वर्षा-दोन वर्षांतली आवृत्ती किंवा पुनर्मुद्रण दिसलं, तर मालिका चालू आहे असं समजायला हरकत नाही. पहिला भागच "संपलाय" म्हणाले, तर तिसरा अडलेला असण्याची शक्यता जास्त. जाहिरातीपेक्षा ही खूण भरवशाची आहे.

कारण सांगतो. तिसरा भाग नवा वाचक सहसा घेत नाही. पहिले दोन वाचलेलाच घेतो, आणि त्यांच्यातलेही काही वाटेत गळलेले असतात. म्हणून प्रत्येक पुढच्या भागाची छपाई आधीच्या भागापेक्षा कमी धरावी लागते. खर्च मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. डेमी आकाराची ४८० पानं म्हणजे सोळा पानी तीस फॉर्मे (फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं). जुळणी, मुद्रितशोधन, नकाशे, मुखपृष्ठ आणि प्लेटा यांचा खर्च प्रती ५०० काढा की २०००, जवळपास तेवढाच येतो. प्रती कमी म्हणजे दर प्रतीची किंमत जास्त, आणि किंमत वाढली की ग्राहक आणखी कमी. त्यात ग्रंथालयं नुसता तिसरा भाग घ्यायला नाखूश असतात, त्यांना संच हवा असतो. म्हणजे तिसरा काढायचा तर पहिला-दुसराही पुन्हा छापायचा, आणि तीन पुस्तकांच्या कागदाचे पैसे एकदम गुंतवायचे. गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. लेखकाला आळशी ठरवण्याआधी हा हिशोब लक्षात घ्यावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रकाशकांना फोन करायचा असेल तर "कधी येणार?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "लवकरच" हेच असतं. "काम कुठवर आलंय?" असं विचारा. "लिखाण चालू आहे" म्हणाले तर तारीख कुणालाच माहीत नाही असं समजा. "हस्तलिखित आलंय" म्हणाले तर पाच-सहा महिने धरा. "दुसरं मुद्रित लेखकाकडे आहे" (म्हणजे चुका तपासण्यासाठी काढलेली दुसरी प्रत) हे उत्तर आलं तर पुस्तक पुढच्या दिवाळीला किंवा पाडव्याला दिसायला हरकत नाही. पूर्वनोंदणी सुरू झाली असेल तर जरूर करा. पाचशेच्या छपाईत शंभर नोंदण्या आधी हातात असणं ही प्रकाशकासाठी फार मोठी गोष्ट असते.

एका मालिकेच्या पहिल्या भागात १७४० साली दहा वर्षांचा असलेला शिलेदाराचा मुलगा तिसऱ्या भागात पानिपतावर "पंचविशीतला" दाखवलाय. पुढच्या आवृत्तीत हे सुधारेल का? मुळात इतक्या अभ्यासू लेखकाकडून असं होतं कसं? (विलेपार्ले)

हिशोब तुमचाच बरोबर आहे. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे तो तिशी ओलांडलेला हवा. प्रकाशकांना आवृत्तीचं साल, पान आणि ओळ लिहून कळवा. पुनर्मुद्रणाआधी असं टिपण हाताशी असलं तर त्याचा खरोखर उपयोग होतो. "पंचविशीतला" खोडून "तिशीतला" करणं ही एका ओळीत बसणारी दुरुस्ती. पण तो अविवाहित आहे, आई अजून स्थळं बघतेय, असा पुढे सगळा प्रसंग त्या वयावर उभा असेल, तर त्या काळात तिशीचा माणूस तिथे चालत नाही. मग प्रकरणच नव्याने लिहावं लागतं, पानं सरकतात, फॉर्मे बदलतात. मालिकेची खरी जोखीम ही आहे. एकट्या कादंबरीतली चूक तिथल्या तिथे राहते, पण मालिकेत पहिल्या भागातली तारीख छापून झाली की चौथ्या भागाचे हात बांधले जातात.

आता चूक होते कुठे? बहुतेक वेळा कालगणनेत. मराठी कागदांत एकाच दिवसाची नोंद चार तऱ्हांनी सापडते. पानिपताचंच उदाहरण घेऊ. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या ज्या तिथी इंग्रजी जानेवारी उजाडल्यावर येतात त्यांना ७९ मिळवायचे. १६८२ अधिक ७९, झाले १७६१. डोळे झाकून ७८ मिळवणारा १७६० लिहून मोकळा होतो.

पत्रात सुहूर सन असेल तर तो अरबी शब्दांत असतो : "इहिदे सितैन मया व अलफ". आधी एकं, मग दहं, मग शेकडा, शेवटी हजार. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृग लागताना, साधारण जूनच्या सुरुवातीला बदलतं. मृगानंतर डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६००. आपली तारीख जानेवारीतली, म्हणून ११६१ अधिक ६००, पुन्हा १७६१. दख्खनी फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशोबाचं वर्ष, याच मृगाला बदलतो, त्याला ५९० किंवा ५९१. त्या दिवशी फसली ११७० होता, पडताळून बघा. शिवाय पत्रात "छ" लिहून जी तारीख येते ती मुसलमानी चांद्र महिन्याची असते, आणि तो दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्रीची घटना असेल तर एका दिवसाचा फरक तिथेच पडतो.

शिवकाळात आणखी एक अडचण आहे. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं जूलियन पंचांग वापरत होते. पोर्तुगीजांनी नवं ग्रेगोरियन १५८२ सालीच घेतलं होतं. सतराव्या शतकात या दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पंचांगाची. मुंबईहून रायगडावर गेलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनच्या नोंदीही त्याच पंचांगाच्या. नव्या पंचांगाने तो दिवस १६ जून येतो, आणि तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. लेखकाने मुंबईच्या वखारीतलं एक पत्र आणि गोव्याचं एक पत्र शेजारी ठेवून प्रसंग रचला आणि पंचांग तपासलं नाही, तर उत्तर आधी आणि पत्र नंतर अशी गत होते. त्यात इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे त्यांच्या कागदावर फेब्रुवारी १६७३ दिसला, तर तो आपला १६७४ असू शकतो.

यावर उपाय साधा आहे. मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो पहिल्या भागापासून करावा. एक मोठा तक्ता आखायचा. दर वर्षाला एक ओळ. पहिल्या तीन रकान्यांत इसवी सन, शके आणि सुहूर, मग प्रत्येक पात्राचा एक रकाना. त्यात त्या वर्षीचं वय आणि मुक्काम. काल्पनिक पात्रांना तर हे अधिकच लागू, कारण ऐतिहासिक माणसाचं वय संपादकाला बाहेर तपासता येतं, काल्पनिक माणसाचं फक्त या तक्त्यात.

पुढचे भाग उशिरा येण्याचं एक कारणही इथेच आहे. शिवकाळाच्या आरंभीचे अस्सल कागद मोजके आहेत. अठराव्या शतकात ते ढिगाने मिळतात. पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसाईंनी निवडून छापलेले खंडच ४५ आहेत, राजवाड्यांचे "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"चे २२ वेगळे. म्हणजे कथा पुढे सरकते तसं लेखकाचं वाचन वाढत जातं. चौथ्या भागाला पहिल्याच्या दुप्पट वेळ लागला, तर तो बहुधा वाचनात गेलेला असतो.

आवडत्या लेखकांचं निधन झालं आणि मालिका अपुरी राहिली. दुसऱ्या कुणी ती पूर्ण करावी का? कायद्याने चालतं का? मी स्वतः त्यातल्या एका पात्रावर लिहितोय. (गिरगाव, डोंबिवली)

कायदा आधी. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. ही साठ वर्षं निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. नाथमाधव १९२८ साली गेले, त्यांच्या स्वराज्यमालेवरचा हक्क केव्हाच संपला. गो. नी. दांडेकर १९९८ साली गेले, त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांवरचा हक्क २०५८ अखेरपर्यंत आहे. निधनानंतर प्रथमच छापलेल्या हस्तलिखिताची साठ वर्षं मात्र प्रकाशनानंतरच्या वर्षापासून धरतात.

इतिहासावर कुणाची मालकी नाही. कल्पना, विषय आणि ऐतिहासिक घटना यांना स्वामित्वहक्क लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं आहे. बहिर्जी नाईकांवर कुणीही लिहावं. पण एखाद्या लेखकाने बहिर्जींच्या सोबतीला आपल्या मनाने एक लोहाराची पोर उभी केली, तिला बोलीची ढब दिली, एक जुनी सल दिली, तर ती त्या लेखकाची. तिला नावानिशी उचलून पुढची कथा छापायची तर वारसांची लेखी परवानगी हवी. गिरगावच्या वाचकांनी आपलं पात्र या कसोटीवर घासून बघावं : नाव आणि स्वभाव बखरीतून, पत्रांतून आला आहे, की फक्त त्या कादंबरीतून?

परवानगी मागताना प्रकाशकाकडे जाऊन थांबू नका. अनेक जुन्या करारांत फक्त त्या-त्या पुस्तकाच्या छपाईचे हक्क दिलेले असतात. शिवाय करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. तेव्हा वारस किती, मृत्युपत्र आहे का, हे पाहून सगळ्यांच्या सह्या घ्या. एका मुलाने तोंडी "लिहा हो" म्हटलं आणि पुस्तक छापून झाल्यावर दुसऱ्याने हरकत घेतली, तर सगळी आवृत्ती गोदामात पडून राहते. लेखकांनाही विनंती : पुढच्या भागांचं काय करायचं हे मृत्युपत्रात दोन ओळींत लिहून ठेवा. मग ते "कुणी पूर्ण करू नये" असं असलं तरी चालेल.

पूर्ण करावी का, याबद्दल आमचं मत ठाम आहे : जेवढं लिहिलंय तेवढंच छापावं. इंग्रजीत पॅट्रिक ओब्रायन यांच्या आरमारी मालिकेच्या वीस कादंबऱ्या पूर्ण झाल्या आणि २००० साली ते गेले. एकविसाव्या कादंबरीची हाती असलेली पानं २००४ साली अपुरीच प्रसिद्ध केली, शेवट कुणी जोडला नाही. वाचक तिथे अचानक थांबतो, पण शेवटच्या ओळीपर्यंत त्याला त्याचाच लेखक भेटतो. टिपणं सापडली तर ती परिशिष्टात द्यावीत. दुसऱ्याच्या हातचा शेवट मूळ मजकुराला चिकटवू नये.

मालिका कथेच्या कालक्रमाने वाचावी की प्रकाशनाच्या क्रमाने? (बोरिवली)

पहिल्या वाचनाला प्रकाशनाच्या क्रमाने. लेखक नंतर मागे जाऊन लिहितात तेव्हा वाचकाला पुढचं माहीत आहे असं धरून चालतात. बर्नार्ड कॉर्नवेल यांची शार्प मालिका १९८१ साली १८०९ च्या स्पेनपासून सुरू झाली. नायकाचे श्रीरंगपट्टणचे दिवस १९९७ साली आले आणि त्यानंतर आपल्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई. दुसऱ्यांदा वाचताना खुशाल कालक्रम धरा.

चार भागांच्या जुन्या संचातला दुसरा भाग कुठेच मिळत नाही. मुंबईत कुठे शोधावा? (दादर)

तुमच्या घराजवळच, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात आधी बघा. १८९८ पासूनचा संग्रह आहे. मग टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला नव्या पुस्तकाची प्रत ठरावीक चार ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते आणि मुंबईत ते ग्रंथालय हे आहे. सगळेच पाठवतात असं नाही, पण विचारून बघावं. जाताना लेखक, नाव, प्रकाशक आणि साल लिहून न्या. नुसतं मालिकेचं नाव सांगितलं तर नोंद सापडत नाही, कारण बरेचदा प्रत्येक भाग त्याच्या स्वतंत्र नावाने चढवलेला असतो.

पुस्तक भारतात विक्रीला नसेल तर सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढण्याची मुभा कायद्यात आहे. तुमच्या वाचनालयाच्या संचात हाच भाग नसेल तर ग्रंथपालांना ही तरतूद सांगा. घरासाठी अख्खं पुस्तक झेरॉक्स करायला ती लागू नाही.

फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर किंवा रद्दीत प्रत सापडली तर पैसे देण्याआधी फॉर्मे मोजा. जुन्या पुस्तकांत दर सोळा पानांनी, म्हणजे १, १७, ३३, ४९ अशा पानांच्या तळाशी डावीकडे बारीक आकडा असतो. तो सलग येतोय का बघा. बांधणीत एखादा फॉर्मा दोनदा शिवला गेला की पुढचा गायब असतो, आणि वरवर चाळताना जाडी बरोबर असल्यामुळे ते लक्षात येत नाही. शेवटचा फॉर्मा विशेष तपासा. शिवण सुटून आधी तोच जातो, आणि वंशावळ, नकाशा आणि टिपा नेमक्या त्याच पानांत असतात.