नगरपरिषद शॉपिंग सेंटर वाढवून रायली, तर समोर बसणाऱ्या भाजीवाल्यांना उठवू शकते का?

उठवू शकते जी, पण असं सकाळी येऊन ताडपत्री ओढून नाई. पथविक्रेता कायदा 2014 च्या कलम 18 नुसार हलवायच्या आधी 30 दिवसांची नोटीस लागते, अन् जागा कुठं देतील ते ठरवताना नगर पथविक्रेता समितीला (टाउन व्हेंडिंग कमिटी) विचारा लागते, त्या समितीत किमान 40 टक्के विक्रेतेच असले पाहिजे. म्हणून आधी दोन गोष्टी पाहा, पथविक्रेत्यांच्या सर्वेमध्ये नाव आहे का अन् विक्री प्रमाणपत्र (म्हणजे बसून विकायचा परवाना) हाती आलं का, नुसत्या रोजच्या बाजार वसुलीच्या पावतीवर भरोसा ठेवू नका (तरी त्या जपून ठेवाच, किती वर्षांपासून बसता ते दाखवाले कामी येतात). नवीन बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर गाळा देतो म्हटलं तर लगेच हो म्हणू नका, सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी घ्यायला कोण जिना चढते? वरचा गाळा मोबाईलवाल्याले, टेलरले चालते, भाजीले खालीच ओटा मागा, अन् तो अर्ज लेखी देऊन पोच घ्या. फक्त एक, हा कायदा नगरपरिषद, नगरपंचायत, महानगरपालिकेसाठी आहे, कॉम्प्लेक्स ग्रामपंचायतीचं असन तर हे कलम दाखवून काही होत नाई, तिथं ग्रामसभेतच विषय लावा लागते.