शेर, तोळा आणि वाटी

प्रश्न : आजीच्या पश्चात तिची पाककृतींची पुस्तके माझ्याकडे आली आहेत. जागेअभावी मोजकीच ठेवता येतील. कोणती ठेवावीत, आणि जुन्या पुस्तकांतील शेर-तोळ्यांचा हिशेब कसा लावावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुस्तकात पदार्थ किती आहेत यापेक्षा ते कोणत्या मापाने मोजले आहेत आणि कोणाच्या घरातले आहेत, हे आधी पाहावे. कमलाबाई ओगले यांचे १९७० साली प्रसिद्ध झालेले ‘रुचिरा’ असेल, तर ते अवश्य ठेवावे. त्यातील वाटी-चमच्याच्या प्रमाणामुळे तराजूवाचून काम भागते. एका पदार्थाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाटी वापरली, की ती लहान असो वा मोठी, डाळ-तांदळाचे गणित चुकत नाही. चमचे मात्र घरोघरी निराळे, तेव्हा मीठ-तिखट बेतानेच घालावे.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे १९१० सालचे ‘गृहिणी-मित्र’ आजीकडे असल्यास तुम्ही भाग्यवान आहात. पाठारे प्रभूंच्या घरची मासळी-मटणाची जाण त्यात आहे. अशा जुन्या पुस्तकांतील तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, हे सोपे आहे. खरी अडचण शेराची. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, तर जुना मुंबई शेर जेमतेम ३१७ ग्रॅमचा. शिवाय धान्य मोजण्याचा मापी शेर, ज्याची दोन मापटी किंवा चार चिपटी होतात, तो वजनाचा नव्हेच. म्हणून शेराचा अर्थ आधीच न ठरवता त्याच कृतीतील तूप, साखर आणि पीठ यांचे परस्परांशी असलेले प्रमाण ताडून पाहावे, आणि पहिल्या खेपेस चौथा हिस्साच करावा.

‘रसचंद्रिका’ सारस्वत महिला समाजाने काढलेले. नारळाच्या वाटणाची आवड असेल तर तेही ठेवा. उरलेल्या पुस्तकांत एकच भरली वांगी पुन्हा पुन्हा भेटत असतील, तर ती खुशाल देऊन टाकावीत.

रिकाम्या झालेल्या जागी आजीकडे नसलेले एक पुस्तक आणावे, असे आम्ही सुचवतो : शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५). मराठवाड्यातील दलितांच्या चुलीवरचे, चान्यांसारखे सुकवलेल्या मांसाचे पदार्थ आपल्या बहुतेक पाकपुस्तकांनी कधी छापलेच नाहीत. ते येथे वाचायला मिळतात.