तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : टर्कीच्या मागावर

प्रश्न : ऑफिसातला मित्र मे महिन्यात टर्की हंटिंगला (रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीला) चल म्हणतोय, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या वरच्या डोंगरात, स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे शिकारीसाठी खुल्या सरकारी जंगलात. आधी स्काउटिंग, म्हणजे जागेची टेहळणी, करून ये म्हणतो. मी बॉक्स कॉल (घासून टर्कीच्या मादीसारखा आवाज काढायची लाकडी पेटी) घेतलाय, या शनिवारी जाऊन वाजवून बघू का? आणि जंगलात नक्की शोधायचं काय?

उत्तर : कॉल घरीच ठेवा हो! सीझनच्या आधी मादीचा आवाज काढलात की नर येणार, मादी काही दिसणार नाही, मग मेमध्ये तुम्ही कितीही गोड वाजवा, तो लांबूनच मान उंच करून बघेल नि सटकेल. नजर भयंकर तेज असते त्याची. आत्ता फक्त ऐकायचं. टर्की रात्री झाडावर बसते आणि उजाडायच्या जरा आधी नर तिथूनच आरवायला लागतो, तर तुम्ही अंधारातच डोंगराच्या एखाद्या सोंडेवर जाऊन गप उभं राहायचं. काहीच ऐकू आलं नाही तर घुबडाचा नाहीतर कावळ्याचा आवाज काढा, तो ऐकून नर दचकून आरवतो आणि आपला पत्ता आपणच देतो, शिवाय यात मादीचं आमिष नाही म्हणजे फसवल्याचा डाग नाही. झाडाखाली मात्र जाऊ नका, फोनच्या मॅपवर खूण करा आणि उतरून कुठल्या अंगाला गेला तेवढं ऐका.

पक्षी पांगले की मग खुणा बघत फिरा. पाचोळा उकरलेला दिसेल, खालची माती अजून ओली काळी असेल तर आजचंच काम. नराची शिट लांबट आणि टोकाला इंग्रजी J अक्षरासारखी वळलेली, मादीची जिलबीच्या तुकड्यासारखी गोळा झालेली (जेवताना वाचत असाल तर सॉरी). छातीचं पीस टोकाला काळं तर नराचं, फिकट तपकिरी तर मादीचं. पण मला विचाराल तर सगळ्यात भारी खूण म्हणजे मातीच्या रस्त्यावर ठशांच्या दोन्ही बाजूंनी गेलेले बारीक ओरखडे, पिसारा फुलवून चालताना पंखांची टोकं जमिनीला घासतात ना, त्याचे. अशी जागा सापडली की निम्मं काम झालं. कारण पहाटे नराभोवती माद्या असतात, तेव्हा तुमचं कोण ऐकतंय, पण नऊ-दहानंतर माद्या अंडी घालायला निघून जातात आणि हा एकटा पडून मिरवायला त्याच जागी येतो. तिथे टेकून बसा आणि तेव्हा काय तो कॉल वाजवा, तोही थोडाच. फक्त घड्याळ बघा, पेनसिल्व्हेनियात सीझनच्या पहिल्या भागात दुपारी बारालाच आवरावं लागतं.

प्रश्न : मी एच-१बी वर, म्हणजे अमेरिकेच्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आहे. मित्राची शॉटगन वापरली तर चालेल का?

उत्तर : हंटिंग लायसन्स नसेल तर हातसुद्धा लावू नका. फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला बंदी आहे, सवलत आहे ती राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असलेल्यांना. ते संपलं की त्याच्या जोरावरची सवलतही संपली. पहिल्यांदा लायसन्स काढताना हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा (शिकारीच्या प्रशिक्षणाचा) कोर्स करावा लागतो, तो आधी उरका. ग्रीन कार्ड असेल तर ही भानगड नाही. तरी एकदा इमिग्रेशन वकिलाला विचाराच, पक्ष्यासाठी स्टेटस कशाला पणाला लावायचं.

प्रश्न : बायको म्हणते लाल जॅकेट घाल, म्हणजे लांबून दिसशील.

उत्तर : वहिनींची काळजी बरोबर पण रंग चुकला! नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं, दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्हीच टर्की वाटाल, त्यामुळे हे तीन रंग टोपी, मोजे, रुमाल कशातच नकोत. चालताना भगभगीत केशरी घाला. बसताना खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ लावा. आरवणं ऐकून दबकत पुढे जाऊ नका, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो, आणि पेनसिल्व्हेनियात वसंतात पक्ष्याला कॉल वाजवून बोलावूनच शिकार करायची असा नियमच आहे. कोणी येताना दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने बोला, मराठीत ओरडलात तरी चालेल. आणि बंदुकीइतकीच भीती गोचिडांची, तिकडे लाइम डिसीज (गोचीड चावून होणारा आजार) भरपूर आहे, तेव्हा पँट मोज्यात खोचा, कपड्यांना आदल्या दिवशी परमेथ्रिन (कीटकनाशक फवारा) मारून वाळवा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघा.